घराचा ढाळ: गच्ची, बाथरूम, ड्रेनेज, छप्पर आणि सोलारचा उतार कसा ठरवायचा आणि स्वतः कसा तपासायचा

गवंडी ढाळ म्हणतो, प्लंबर स्लोप म्हणतो, पत्रेवाला उतार म्हणतो आणि सोलारवाला टिल्ट म्हणतो. बोलतात सगळे एकाच गोष्टीबद्दल, पण मोजतात मात्र वेगवेगळं, आणि साईटवरची निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर १:१०० (म्हणजे शंभर फुटांत एक फूट उतार) लिहिलेलं असतं, आर्किटेक्ट एक टक्का म्हणतो, सोलारवाला अंशांत बोलतो आणि मिस्त्री म्हणतो फुटाला एक सूत. म्हणून आधी हे सगळं एका मापात आणून घ्या, मग पुढचं सोपं आहे.

मला विचाराल तर घरगुती कामाला सूत हे माप बेस्ट, कारण काम करणाऱ्याच्या हातातल्या टेपवर ते असतं. आठ सूत म्हणजे एक इंच. फुटाला एक सूत म्हणजे जवळपास १:१००, म्हणजेच एक टक्का. फुटाला दीड सूत म्हणजे १:६० च्या आसपास, फुटाला अडीच सूत म्हणजे साधारण १:४०. आणि फुटाला एक सूत अंशांत किती होतं माहितीये? जेमतेम ०.६ अंश. त्यामुळे मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप फरशीवर ठेवून "ढाळ बरोबर आहे" असं कोणी दाखवत असेल तर ऐकू नका, फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यानेच अर्धा अंश इकडचा तिकडे होतो, म्हणजे जेवढा ढाळ मोजायचाय जवळपास तेवढीच चूक. ॲप सोलारच्या स्टँडला ठीक आहे, तिथे दहा-वीस अंशांचा मामला असतो. बाथरूमला नाही.

लेव्हल पाईप वापरायला शिका

साठ-सत्तर रुपयांत काम होईल असं नाही म्हणत, पण घर बांधण्याच्या खर्चात हा खर्च कुठे दिसणारही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक पाईप घ्या, आठ-दहा मिलिमीटरचा, ४०-५० फूट लांब. बादली उंचावर ठेवा, एक टोक बादलीत बुडवा, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून पाणी चालू करा आणि पाईपमधून सगळी हवा निघून जाईपर्यंत वाहू द्या. नळाला लावून भरला तर बुडबुडे अडकतात, आणि मधे एक जरी बुडबुडा राहिला तरी सगळी मापं चुकतात. भरून झालं की दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून बघा, पाणी एका रेषेत दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर कुठेतरी हवा आहे, परत भरा.

आता एकाने एक टोक दाराच्या चौकटीवरच्या खुणेला धरायचं, तयार फरशीपासून बरोबर एक मीटर वरची खूण, आणि दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन खोलीच्या कोपऱ्यात जायचं. पाणी थोडा वेळ वर-खाली हलत राहतं. "थांब, हलतंय अजून" असं ओरडायला लागतं कारण हेल्परला घाई असते, तो लगेच पेन्सिल टेकवतो. अंगठा दोन्ही टोकांवरून काढलेला पाहिजे, नाहीतर पाणी हलणारच नाही आणि चुकीची खूण होईल. पाणी स्थिर झालं की पाण्याच्या पृष्ठभागाचा जो खोलगट तळ दिसतो तिथे खूण करायची, पाईपच्या आतल्या बाजूला चिकटून वर चढल्यासारखी जी कड दिसते तिथे नाही. असं चारही भिंतींवर करत जा आणि खुणा दोरीने जोडून टाका. ही झाली तुमची लेव्हल लाईन. यापुढे कुठलंही माप घ्यायचं ते या लाईनपासून खाली टेप सोडून. जिथे एक मीटर भरतंय तिथे फरशी लेव्हलला आहे, जिथे एक मीटर एक इंच भरतंय तिथे एक इंच खाली आहे. इतकं सोपं आहे हे, आणि यानंतर मिस्त्रीशी वाद घालावा लागत नाही, टेप दाखवला की विषय संपतो.

लेसर लेव्हल असेल तर घरात एकदम मस्त काम होतं, पण गच्चीवर भर उन्हात ती रेघ दिसत नाही, तिथे पाईपच.

बाथरूम

बाथरूमचा ढाळ टाईल लावताना काढायचा नसतो, तो टाईलच्या खालच्या मालात, त्याही आधी वॉटरप्रूफिंगच्या कोब्यात काढायचा असतो. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं. कारण टाईलच्या फटीतून थोडं पाणी खाली झिरपतंच, आणि खालचा कोबा सपाट असेल तर ते तिथेच साचून राहतं आणि मग खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडतात. वरून टाईलला कितीही छान ढाळ असला तरी.

समजा बाथरूम ८ बाय ५ आहे, दार एका टोकाला आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जाळीतून बाहेर नेणारं तोंड, दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात. (नहाणी ट्रॅप हा आपलाच शब्द, आता भारतभरातले प्लंबर तोच म्हणतात.) दारापासून पहिले चार फूट कमोड आणि बेसिनचा कोरडा भाग, तिथे फुटाला एक सूत म्हणजे चार सूत. पुढचे चार फूट शॉवरचा भाग, तिथे फुटाला दीड सूत, म्हणजे सहा सूत. झाले दहा सूत, सव्वा इंच. शिवाय बाथरूमची फरशी दारातच बाहेरच्या खोलीपेक्षा निदान अर्धा इंच खाली हवी. म्हणजे बाहेरच्या खोलीच्या फरशीपेक्षा ट्रॅपची जाळी पावणेदोन इंच खाली आली पाहिजे. आता हा आकडा कधी ठरवायचा? प्लंबर ट्रॅप बसवायच्या आधी. एकदा ट्रॅप उंच बसला आणि भोवती माल भरला की मग मिस्त्री बिचारा काही करू शकत नाही, तो जेवढी जागा मिळाली त्यात ढाळ मारतो आणि पाणी दारात येतं, आणि शिव्या त्याला बसतात. म्हणून लेव्हल लाईनपासून टेप सोडून ट्रॅपच्या तोंडाचं माप स्वतः घ्या, त्याच दिवशी.

जाळी टाईलपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली असावी. वर आली की तिच्याभोवती गोल डबकं राहतं आणि तिथेच शेवाळ धरतं.

मोठ्या टाईलची हौस असेल तर एक सांगतो. दोन बाय चारची टाईल एकाच दिशेला कलते, चारही बाजूंनी मधे किंवा कोपऱ्यात उतरवायची तर ती तिरकी कापावी लागते, तो कट सगळ्यांना आवडत नाही. मग दोनच मार्ग. एकतर शॉवरच्या भागात एक बाय एकची लहान टाईल घ्या, तीही अँटी-स्किड, किंवा भिंतीला लागून लांब पट्टीसारखा ड्रेन घ्या म्हणजे सगळी फरशी एकाच बाजूला कलवता येते. घरात वयस्कर माणसं असतील तर लहान टाईलच घ्या असं मी ठामपणे सांगेन, जास्त सांधे म्हणजे पायाला जास्त पकड. आणि जास्त ढाळ म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, फुटाला दोन सुतांच्या वर गेलात की ओल्या पायाने उभं राहताना तोल जाणवायला लागतो, स्टूल डगमगतं.

कोबा झाला आणि टाईल अजून लागलेली नाही, त्या दिवसांत ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून ठेवा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवा. पाण्याची पातळी पहिल्या दिवशी भिंतीवर पेन्सिलने मारून ठेवा. नंतर तोंड उघडा आणि पाणी कसं जातं ते उभं राहून बघा, कुठे मागे राहिलं तिथे खडूने गोल करा. ही दुरुस्ती आत्ता एका घमेल्यात होते, टाईल लागल्यावर तोडफोड होते.

गच्ची

गच्चीचं गणित वेगळं आहे कारण तिथे ढाळ म्हणजे वजन. हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून जरा नीट सांगतो.

३० बाय २० ची गच्ची घ्या, ६०० स्क्वेअर फूट, आणि पावसाच्या पाण्याचे पाईप सगळे एकाच २० फुटी बाजूला. म्हणजे लांबच्या टोकाचं पाणी ३० फूट चालणार. फुटाला एक सूत धरलं तर ३० सूत, पावणेचार इंच. पाईपच्या तोंडाशी विटांच्या तुकड्यांचा कोबा निदान अडीच इंच ठेवला तर लांबच्या टोकाला तो सव्वासहा इंच होतो. सरासरी साडेचार इंचाच्या किंचित खाली. घनमीटरला १.९ टन धरलं तर सगळा कोबा बारा टनांच्या आसपास जातो. आता पाईप दोन्ही टोकांना द्या आणि मधे उंचवटा काढा. पाणी १५ फूटच चालतं, उंची पावणेदोन-दोन इंच वाढते, आणि तोच कोबा नऊ-सव्वानऊ टनात बसतो. अडीच-पावणेतीन टन वजन स्लॅबवरून उतरलं, माल वाचला, आणि एक पाईप पाल्यापाचोळ्याने तुंबला तर दुसरा चालू. जास्तीच्या पाईपचा खर्च यापुढे काहीच नाही.

किती पाईप लागतात? तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडतोय असं धरलं तर एक चार इंची पाईप साधारण ४५० स्क्वेअर फूट गच्चीचं पाणी ओढतो. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्याला हाच हिशेब धरा, आणि तिथे ढाळही फुटाला सव्वा सूत घ्या. सोलापूर-लातूरकडे पाऊस एकूण कमी असला तरी एक पाईप काढून पैसे वाचवू नका, तिकडेही वळवाचा पाऊस अर्ध्या तासात कोसळतो.

करायची पद्धत अशी. आधी लेव्हल पाईपने पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) आतून चारी बाजूंना लाईन मारा. पाईपच्या तोंडाजवळ, उंचवट्याच्या रेषेवर आणि मधे दर पाच-सहा फुटांवर मालाचे ठिय्ये, म्हणजे उंचीच्या खुणेचे छोटे ढीग, बसवा, प्रत्येक ठिय्याची उंची लाईनपासून मोजून. मग ठिय्यांवर दोरी ताणा आणि त्या दोरीखाली विटांचे तुकडे उभे बसवत या. ठिय्ये मोजल्याशिवाय कोबा सुरू करू द्यायचा नाही, इथे थोडं कडक व्हा. "टेन्शन घेऊ नका साहेब, पाणी जातंय बरोबर" हे वाक्य प्रत्येक साईटवर ऐकू येतं आणि बोलणारा मनापासून बोलत असतो, पण ३० फुटात पावणेचार इंच हे नजरेला दिसत नाही हो, कितीही अनुभवी नजर असू दे.

पॅरापेट आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे वाटा काढून घ्या, म्हणजे काटकोन न ठेवता मालाची गोलाई, निदान फूटभर उंच चढवलेली. पाणी कोपऱ्यात थांबत नाही आणि तिथली भेग टळते. वर घोटाई करताना पांढऱ्या चायना चिप्स लावणार असाल तर खालचा ढाळ बदलू देऊ नका, चिप्सवाले आपल्या सोयीने लेव्हल करून टाकतात. मग पाणी भरून सात-आठ दिवस ठेवा, क्युरिंगही होतं आणि गळतंय का तेही कळतं.

जुनी गच्ची तपासायची असेल तर पाऊस थांबल्यावर तासाभराने वर जा. जिथे अजून पाणी साचलंय तिथे खडूने कड मारा आणि त्यात एक रुपयाचं नाणं टाका, नाणं बुडत नसेल तर फार काळजीचं नाही, उन्हाने वाळेल. बुडून वर बरंच पाणी असेल तर तिथला थर खरवडून नव्याने ढाळ द्यावा लागेल. नुसतं वरून वॉटरप्रूफ रंग मारला तर डबकं तिथेच राहतं आणि रंग पहिल्यांदा तिथेच सुटतो.

छज्जा, खिडकीची चौकट आणि बाल्कनी यांना थोडक्यात: सगळ्यांचा कल बाहेरच्या बाजूला. छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच ठेवायला सांगा, नाहीतर पाणी खालून वळून भिंतीकडे परत येतं. जोत्याभोवतीचा कोबाही घरापासून बाहेर, फुटाला दोन-अडीच सूत.

ड्रेनेज

जमिनीखालच्या पाईपला जुना सरळ नियम आहे: चार इंची पाईपला १:४०, सहा इंचीला १:६०, नऊ इंचीला १:९०. पाईप मोठा तसा ढाळ कमी लागतो. आता घरापासून रस्त्यावरचं चेंबर ४० फूट लांब असेल तर चार इंची पाईपला फुटाला अडीच सूत म्हणजे १०० सूत, एक फूट आणि वर अर्धा इंच. याचा अर्थ तुमच्या शेवटच्या टॉयलेटचा पाईप जमिनीत जिथे शिरतो तिथे तो रस्त्याच्या चेंबरच्या तोंडापेक्षा निदान एवढा वर पाहिजे. म्हणून जोतं किती उंच घ्यायचं हे प्लॉट बघून नाही, चेंबरचं झाकण उघडून ठरवा. पाया खणायच्या आधी लेव्हल पाईप घेऊन रस्त्यापर्यंत जा. मला हा मुद्दा सगळ्यात कळकळीने सांगायचाय कारण बाकी ढाळ तोडून परत करता येतात, जोतं खाली राहिलं तर ते वर उचलता येत नाही, मग आयुष्यभर पंप आणि तुंबणं.

खंदकात पाईप टाकल्यावर माती लोटायच्या आधी प्रत्येक जोडाच्या खाली माती ठोकून बसवलेली आहे का बघा. पाईप मधेच खचून पोट सुटलं की एकूण ढाळ बरोबर असूनही त्या पोटात घाण बसते.

छप्पर आणि पत्रा

मंगलोरी कौलांना ३० अंशांच्या आसपास उतार लागतो, कारण कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, उतार कमी पडला की वाऱ्याबरोबर पाणी जोडातून उलटं वर चढतं. कोकणातली जुनी छपरं उगाच नाही एवढी उभी असत. पत्र्याला त्यापेक्षा कमी चालतं, फुटाला सव्वा-दीड इंच ठेवलं तरी पाणी निघून जातं, पण दोन पत्र्यांची एकमेकांवरची चढ निदान सहा इंच ठेवा आणि गच्चीवर शेड करत असाल तर उतार शेजाऱ्याच्या हद्दीत पडत नाही ना हे आधी बघा. पन्हाळीलाही स्वतःचा ढाळ पाहिजे हे फार जण विसरतात, सरळ लेव्हलला बसवलेल्या पन्हाळीत पाणी तुंबून डास होतात.

सोलार

इथे उलटं आहे, ढाळ पाण्यासाठी नाही, सूर्यासाठी. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा. कोल्हापूर १६.७, पुणे १८.५, मुंबई १९, नाशिक २०, नागपूर २१ अंश. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही असाल तरी १५ ते २० अंश ठेवलं तर दोन-चार अंश इकडेतिकडे झाल्याने वर्षाच्या युनिटमध्ये फार फरक पडत नाही, त्यावर डोकं पिकवू नका. २१ डिसेंबरला पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेकडे झुकलेलं पॅनेल हिवाळ्यात कमावतं. मे महिन्याच्या मध्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये उत्तरेकडे सरकतो, पण तोवर ढग आलेले असतात.

दहा अंशांच्या खाली मात्र जाऊ नका. सपाट पॅनेलवर धूळ आणि कबुतरांची घाण पावसाने धुऊन जात नाही, खालच्या फ्रेमशी चिखलाची पट्टी बसते. अंश बघायला इथे मोबाईलचं ॲप वापरा, फोन काचेवर नाही तर फ्रेमच्या कडेवर आडवा टेकवून.

आणि आता गच्चीकडे परत यावंच लागतं. पीएम सूर्यघर योजना २०२४ ला आल्यापासून, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळत असल्याने, पुष्कळ जण पॅनेल बसवतायत, आणि स्टँडचे पाय थेट कोब्यात ड्रिल करून बोल्ट मारले जातात. चांगला केलेला ढाळ आणि वॉटरप्रूफिंग तिथे भोकं पाडून संपतं. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करायला सांगा, ठोकळ्यांचं वजन वाऱ्याचा हिशेब करून द्यायला लावा, आणि ते ओळीत लावताना पाणी वाहायच्या दिशेला आडवे येणार नाहीत असे ठेवा, दोन ठोकळ्यांमध्ये निदान हातभर मोकळी जागा. बसवून झालं की एक बादली पाणी उंचवट्याच्या बाजूने ओता आणि ते ठोकळ्यांना वळसा घालून पाईपपर्यंत पोचतं का ते बघून मगच शेवटचं पेमेंट करा.